आपली मुले आणि इतरांची मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा आम्हांस या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांनी पत्रात 'प्राथमिक शाळेतील मुलांसाठी विविधता आणि समावेशन' असे शब्द लिहिले होते. ते वाचून आम्ही क्षणभर कार्यालयातच बसलो आहोत असे वाटले. समावेशन हा शब्द आमच्या परिचयाचा आहे तो परिपत्रकांतून. परिपत्रक येते, आम्ही त्यावर 'पाहिले' म्हणून सही करतो आणि ते पुढच्या टेबलावर जाते. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या हुकमाबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलो, एवढेच आमचे क्वालिफिकेशन. परंतु या बिऱ्हाडात एक लहान मुलगी होती, आणि तिच्या शाळेने आम्हांस जे शिकविले ते आमच्या पदवीने शिकविले नव्हते. म्हणून तेच सांगावे, असे ठरवून आलो आहोत.

या विशाखापट्टणम् शहरी आम्ही दुसऱ्यांदा बदली होऊन आलो आहोत. पहिल्या खेपेस, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आमची कन्या पहिलीच्या वर्गात होती. तिच्या वर्गात बहुसंख्य मुले तेलुगू, काही उडिया, दोन-तीन बंगाली, बाकी हिंदी प्रांतांतली. मराठी ती एकटीच. पहिल्या सहामाहीनंतर शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी गणितात कच्ची आहे. आम्ही वही पाहिली. बेरजा बरोबर होत्या, परंतु बाईंनी इंग्रजीत संख्या सांगून लिहून घेतल्या की गोंधळ होई. एकवीस सांगितले की ती १२ लिही, त्रेचाळीस सांगितले की ३४. घरी आम्ही रागावलो, आमच्या सौ. रडल्या, आणि रोज संध्याकाळी पाढ्यांची शिक्षा सुरू झाली. उपयोग शून्य.

कोडे उलगडले ते वर्गाच्या बाईंकडून. त्या मूळच्या श्रीकाकुलमकडच्या, तेलुगू भाषिक. मराठीचे अक्षरही त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी मुलीस जवळ घेऊन एवढेच विचारले की तुमच्या घरी ही संख्या कशी म्हणतात. तिने 'एकवीस' म्हटले. बाईंनी त्याचे दोन तुकडे कर म्हटले. 'एक' आणि 'वीस'. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मुलगी कच्ची नसून तिची भाषाच संख्या उलट्या बाजूने बोलते. तेलुगूत 'इरवै ओकटि', म्हणजे वीस आणि मग एक. इंग्रजीतही तोच क्रम. मराठी, हिंदी, बंगाली, उडिया या भाषांत मात्र एकक आधी, दशक मागून. मूल मनात आपल्या भाषेत बोलते आणि जे आधी ऐकू येते ते आधी लिहिते. मग बाईंनी दुसऱ्याच दिवशी साऱ्या वर्गाकडून आपापल्या भाषेत संख्या म्हणवून घेतल्या आणि फळ्यावर दोन रकाने पाडले. कोणाची भाषा दशक आधी म्हणते आणि कोणाची एकक आधी, हे मुलांनीच शोधून काढले. आमच्या कन्येस त्या दिवशी कळले की आपण मूर्ख नाही. उडिया आणि बंगाली मुले आपल्याच रकान्यात आहेत हेही कळले, आणि त्या आनंदात ती घरी नाचत आली.

(२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला हे आपणांस आठवत असेल. त्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांची काहींनी थट्टाही केली. आम्ही मात्र थट्टा करणाऱ्यांत नव्हतो. आमच्या घरात त्या अडचणीने एका मुलीस तीन महिने रडविले होते.)

हा प्रसंग आम्ही एवढा विस्ताराने सांगितला, कारण ज्याला परिपत्रकात समावेशन म्हणतात ते आम्हांस प्रथम येथे दिसले. बाईंनी सर्व मुले समान आहेत असे भाषण केले नाही. एक मूल का अडते आहे, हे त्याच्या बाजूने जाऊन पाहिले, आणि त्याची अडचण हाच साऱ्या वर्गाचा पाठ केला. तेलुगू मुलांसही त्या दिवशी दशक-एकक अधिक नीट समजले असावे.

आपण येथे भाषिक अल्पसंख्य आहोत. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (अ) हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. व्यवहारात, जेथे मराठी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेथे ही सोय कोण आणि कशी करणार? म्हणून तर रविवारचा आपला बालवर्ग. आपली मुले हजेरीच्या वेळी आपले आडनाव वेडेवाकडे उच्चारलेले रोज ऐकतात. 'ळ' म्हटला की उत्तरेकडील मुले हसतात. तेलुगू मुले हसत नाहीत, कारण तो वर्ण त्यांच्याकडेही आहे. परके असणे म्हणजे काय, हे आपल्या मुलांस पुस्तकातून शिकवावे लागत नाही. यावरून आमची अशी भाबडी समजूत होती की ज्यांना परकेपणा सोसावा लागतो ती माणसे दुसऱ्यास परके करीत नसतील. ही समजूत कशी नाहीशी झाली ते आता सांगतो. सांगताना संकोच होतो, तथापि सांगणे भाग आहे.

कन्या तिसरीत असताना शाळेत 'आमच्या घरातील माणसे' असे चित्र काढावयास दिले. तिने आम्हांस काढले, आईस काढले, आजीस काढले. आणि घरी धुणे-भांड्यांस येणाऱ्या बाईंसही काढले, कारण ती त्यांना अक्का म्हणे आणि शाळेतून आल्यावर तिला पहिला घास त्यांच्याच हातचा मिळे. चित्रात आम्ही तिघे खुर्च्यांवर बसून कपबशीतून चहा पीत होतो. अक्का स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. पेला रंगविताना मुलीने फार काळजी घेतली होती. काठावरचा पोचा सुद्धा दाखविला होता. तो पेला मोरीच्या वरच्या फळीवर, इतर भांड्यांपासून बाजूला ठेवलेला असे. तो कोणी तेथे ठेवला, केव्हापासून ठेवला, आम्ही कधी विचारले नव्हते. आम्ही जातपात मानत नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे समजत होतो. मंडळाच्या व्यासपीठावरून १४ एप्रिलला एकदा बोललोही होतो.

शिक्षिकेने पालकसभेत ते चित्र आमच्या हाती दिले. काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मुलगी निरीक्षण चांगले करते." घरी येऊन आम्ही कन्येस विचारले की अक्कांना खुर्चीवर का बसविले नाहीस? ती म्हणाली, "बाबा, त्या तिथेच बसतात ना. त्यांचा पेला पण वेगळा आहे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दुःख नव्हते. आकाश निळे आहे, तसा पेला वेगळा आहे. तिला आम्ही हे कधी शिकविले नव्हते आणि तरीही ती ते पूर्ण शिकली होती. आठ वर्षांचे वय होते तिचे.

त्या रात्री आम्हांस बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिलेला प्रसंग आठवला. साताऱ्याच्या शाळेत ते वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसत. ते गोणपाट स्वतःच घरून न्यायचे आणि घरी आणायचे, कारण शाळेच्या झाडणाऱ्या गड्याला ते शिवायचे नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचे असताना, ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटावयास कोरेगावला निघाले. मसूरच्या स्टेशनावर त्यांची जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली ती या अटीवर की मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे. हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. आम्हीही वाचले होते. परंतु वाचताना आमची दृष्टी नेहमी त्या मुलावर असे. त्या वर्गात बसलेली इतर मुले आम्ही कधी पाहिलीच नव्हती. तीही आठ-नऊ वर्षांचीच होती, आणि त्यांनाही ते गोणपाट आकाशासारखे स्वाभाविक वाटत असणार. आमची मुलगी त्या मुलांत बसली होती, आणि तिला तेथे आम्हीच बसविले होते.

महाराष्ट्राचा या बाबतीतला इतिहास मोठा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस इतरांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. यातली पायरी लक्षात घ्यावी. आधी शाळाच नव्हती, मग वेगळी शाळा झाली, मग एक शाळा. आणि एका शाळेत आल्यावरही गोणपाट वेगळे राहू शकते, हे आपल्या देशाला ठाऊक असल्यामुळेच २०१० च्या नियमांत एक वाक्य आले. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांनाही प्रवेशाच्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांस देणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे मुख्यतः उचलून धरले, विनाअनुदानित अल्पसंख्य शाळा तेवढ्या वगळल्या. केंद्राच्या नियमांत असे लिहिले आहे की या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे बसवू नये, त्यांचे वर्ग वेगळ्या ठिकाणी वा वेगळ्या वेळी भरवू नयेत. सरकारी भाषेत आयुष्य घालविलेला माणूस म्हणून सांगतो, असे वाक्य नियमांत तेव्हाच येते जेव्हा ते करणारा कोणीतरी असतो. नियम बाक एक करील. डब्याच्या वेळी कोण कोणाजवळ बसेल, वाढदिवसाला कोणास बोलावले जाईल, हे नियमाच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.

मग लहान मुलांस शिकवायचे कसे? शाळांतून यासाठी बहुधा एक वेशभूषेचा कार्यक्रम होतो. २६ जानेवारीस महाराष्ट्र म्हणजे नऊवारी आणि फेटा, बंगाल म्हणजे लाल काठाची पांढरी साडी, पंजाब म्हणजे भांगडा. टाळ्या पडतात, फोटो निघतात. आमच्या कन्येस या कार्यक्रमासाठी नऊवारी नेसवावी लागली, तेव्हा आमच्या सौ. ना ती नेसविताच येईना. शेवटी आजीने नेसविली. ज्या वस्त्रात आम्ही कोणी घरात राहत नाही ते आमची ओळख म्हणून मिरविले. आम्हांस या कार्यक्रमांचा फारसा आदर नाही. त्यात प्रत्येक मूल आपल्या प्रांताचा पुतळा होते आणि दुसऱ्या मुलाशी एक शब्दही बोलत नाही.

त्यापेक्षा रोजच्या जगण्यातील साम्य आणि फरक मुलांपुढे ठेवले तर ती स्वतःच चकित होतात. आपला गुढीपाडवा आणि येथील उगादि हे एकाच दिवशी. आपण कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो; येथे कडुनिंबाचा मोहोर, नवा गूळ, चिंच, कैरी, मीठ, तिखट असे सहा रसांचे पच्चडि करतात. आपली पुरणपोळी, त्यांची बोब्बट्लु. संक्रांतीनंतर आपण लहान मुलांस हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण घालतो. येथे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संध्याकाळी मुलांच्या डोक्यावरून बोरे, फुलांच्या पाकळ्या आणि नाणी ओततात. त्याला भोगि पळ्ळु म्हणतात. शेजारच्या तेलुगू घरात आमची कन्या हे पाहून आली आणि म्हणाली, "आपले बोरन्हाण यांना कोणी सांगितले?" तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, अजून नाही. परंतु असा प्रश्न पडलेले मूल शेजारच्या घराला परके घर म्हणत नाही.

साम्य दाखविणे सोपे आहे. फरक दाखविणे कठीण. डब्यात कोणी सुके मासे आणले की नाक दाबणारी मुले आपल्यातही आहेत. वस्तुतः मंडळातली निम्मी कुटुंबे कोकणातली, आणि त्यांच्या घरी तोच वास येतो! त्या वेळी मुलास 'घाणेरडे' हा शब्द वापरू न देणे, 'आपण ते खात नाही' एवढेच म्हणावयास शिकविणे, हे आईचे काम शाळेच्या दहा तासिकांपेक्षा मोठे.

या कामात आपल्याकडे दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचा ओनामा केला तो महाराष्ट्रात नव्हे, तर भावनगरला, गिजुभाई बधेकांबरोबर, गुजराती मुलांमध्ये. आपल्यासारख्याच त्याही आपल्या भाषेबाहेर राहिल्या. पुढे १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांत काम मांडले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांस दोष दिला नाही. बालवाडी उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुले गुरे राखावयास जात म्हणून शाळेस येत नसत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली. आज देशभर ज्या अंगणवाड्या आहेत, तो शब्द या अंगणातला.

याच दृष्टीने आपल्या मंडळातील एक गोष्ट सांगतो. मागील गणेशोत्सवात मुलांच्या नाटुकल्यात एक मुलगा होता, ज्यास कमी ऐकू येते. प्रथम त्यास शेवटी झेंडा धरून उभे करावे असे ठरले होते. कोणाच्या मनात वाईट नव्हते, उलट त्यास त्रास होऊ नये असाच हेतू. बालवर्गाच्या शिक्षिकांनी ते मानले नाही. त्यांनी तालमीत तीनच गोष्टी बदलल्या. बोलताना त्याच्याकडे तोंड करून बोलायचे. त्याचे वाक्य येण्याआधी शेजारच्या मुलाने हाताने खूण करायची. आणि पेटी मागे न ठेवता त्याला बोटे दिसतील अशी समोर ठेवायची. दुसऱ्या आठवड्यापासून सगळीच मुले खुणांनी बोलू लागली, आणि तालमीतला आरडाओरडा निम्म्याने कमी झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. या तीन गोष्टींना कायदा लागला नाही, पैसाही लागला नाही. त्या शिक्षिका येथे बसल्या आहेत, आणि नाव घेऊ नये अशी त्यांनी तंबी दिली आहे.

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. आपल्या बालवर्गाचा नियम असा आहे की त्यात केवळ मराठी भाषिक सभासदांच्या पाल्यांस प्रवेश मिळेल. नियम करणाऱ्यांचा हेतू आम्हांस मान्य आहे. आठवड्यातून दोन तास मुलांच्या कानावर निखळ मराठी पडावे. वर्गात इतर आले की बोलणे हिंदी-इंग्रजीवर घसरेल, ही भीती खोटी नाही. परंतु या नियमाने आज दाराबाहेर कोण उभे आहे ते पाहा. ज्या सभासदाने किंवा सभासदेने अन्य भाषिकाशी विवाह केला त्यांच्या मुलांविषयी दर वर्षी समितीत चर्चा होते, जणू ते मूल अर्धेच आहे. आणि या सभागृहाच्या रखवालदाराचा सात वर्षांचा मुलगा दर रविवारी दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो. तेलुगू आहे. आपली सारी बडबडगीते त्याला पाठ आहेत; गेल्या महिन्यात आपल्याच मुलांस पुढचा शब्द आठवेना तेव्हा तो बाहेरून म्हणाला. मुले हसली. त्यांनी त्यास आत मात्र बोलावले नाही, कारण तो तिथेच उभा असतो.

हे वाक्य आम्ही पूर्वी आमच्या घरी ऐकले आहे, म्हणून ते आमच्या कानास फार टोचले. पेल्याचे काय झाले असे आपण विचाराल. आम्ही तो फळीवरून काढला आणि अक्कांस कपातून चहा दिला. त्यांनी घेतला नाही. अनेक दिवस घेतला नाही. आपला पेला कुठे गेला म्हणून शोधीत राहिल्या. पुढे कन्येनेच हट्ट धरून त्यांना शेजारी खुर्चीवर बसविले, तेव्हा त्या बसल्या, तेही काठावर. बदली झाली तेव्हा आम्ही निघालो. त्या पूर्ण टेकून बसलेल्या आम्ही पाहिल्या नाहीत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी आम्ही चिटणीसांकडे एक सूचना दिली आहे. बालवर्गाची भाषा मराठीच राहील, दोन तासांत दुसरी भाषा बोलली जाणार नाही. परंतु मराठी शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही मुलास, आईबापांची भाषा, जात वा सभासदत्व न पाहता, बसता येईल, असा तिचा आशय आहे. मंडळाच्या घटनेप्रमाणे सूचनेस एका सभासदाचे लेखी अनुमोदन लागते. ते अद्याप मिळालेले नाही. अर्ज चिटणीसांच्या टेबलावर आहे, आणि चहापानाची व्यवस्थाही त्याच खोलीत केली आहे.